भिंतीआडच्या पाण्याचा हिशेब

बाथरूम नव्याने करायचे ठरले की घरात कागद-पेन घेऊन आकडेमोड सुरू होते. पाइपचे इतके, नळांचे इतके, कमोड-बेसिनचे इतके. बेरीज पन्नास हजारांच्या आत येते. मग प्लंबर येतो, भिंतीवर दोनचार ठिकाणी ठोकून बघतो आणि दीड लाखाचा आकडा सांगतो. घरच्यांना वाटते, हा आपल्याला लुबाडतोय. प्लंबरला वाटते, यांना कामाची कल्पनाच नाही. बहुतेक वेळा दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. घरच्यांनी दिसणाऱ्या वस्तूंची बेरीज केलेली असते, प्लंबरने न दिसणाऱ्या कामाचीही धरलेली असते.

पाणी वाहून नेणारा पाइप तसा स्वस्त असतो. त्या पाइपापर्यंत पोहोचणे आणि काम झाल्यावर तो पुन्हा झाकणे महाग पडते. घरातल्या प्लंबिंगच्या खर्चाचे सगळे गणित या एका गोष्टीभोवती फिरते. ती नीट उमगली की हात कुठे आखडायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे ठरवणे सोपे जाते. निवृत्तिवेतनावर किंवा कर्जाचे हप्ते फेडत चालणाऱ्या घरात बाथरूमचे काम हा त्या वर्षातला सर्वांत मोठा खर्च ठरू शकतो. म्हणून हा हिशेब प्रत्येक घराला मांडता यायला हवा.

पाच बाय आठचे एक बाथरूम

पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या जुन्या सोसायट्यांत सर्रास आढळणारे पाच फूट बाय आठ फुटांचे बाथरूम घेऊ. इमारत तीस-पस्तीस वर्षांची, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भिंतीत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, म्हणजे जीआय पाइप आहेत आणि ते आतून गंजले आहेत. खालच्या घराच्या छताला ओल आली आहे. सगळे उघडून नव्याने करण्यावाचून गत्यंतर नाही.

आधी मोजमाप. जमीन ४० चौरस फूट. चारही भिंतींची मिळून लांबी २६ फूट. सात फुटांपर्यंत टाइल लावायची तर १८२ चौरस फूट, त्यातून दार वजा केले की साधारण १६५. जमीन धरून २०५ चौरस फूट झाले. कापाकापीत वाया जाणारा दहावा हिस्सा मिळवला की सुमारे २२५ चौरस फूट टाइल आणावी लागते.

आता राडारोडा. भिंतीची जुनी टाइल आणि तिच्यामागचा गिलावा मिळून दोन इंच जाडी धरली, जमिनीतला कोबा सहा इंच धरला, तर ४७ घनफूट ऐवज फुटून निघतो. फोडलेला माल फुगतो. तो ७० घनफुटांच्या घरात जातो. म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या साठ ते सत्तर गोण्या आणि सुमारे अडीच टन वजन. हे सारे कोणीतरी खांद्यावर घेऊन तीन मजले उतरवायचे आणि टेम्पोत भरायचे असते. तितक्याच कष्टाने वाळू, सिमेंट आणि टाइल वर चढवायची असते. बाथरूमच्या खर्चाचा अंदाज चुकतो तो बहुधा इथून.

पुढचे आकडे मांडणी समजावी म्हणून धरले आहेत. शहर, मजला, ब्रँड आणि हंगाम यांप्रमाणे ते कमीजास्त होतील. पाहायचे आहे ते त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण.

तोडफोड, राडारोडा उतरवणे, टेम्पो : १४,००० रुपये
पाइप, फिटिंग, ट्रॅप, व्हॉल्व्ह, सॉल्व्हंट : १२,०००
प्लंबरची मजुरी : १५,०००
वॉटरप्रूफिंग आणि कोबा : १६,०००
टाइल, सिमेंट-वाळू, टाइल बसवण्याची मजुरी : ३२,५००
नळ, शॉवर, मिक्सर, कमोड, बेसिन : ३५,०००
विजेचे पॉइंट, एक्झॉस्ट, दार, रंग : १०,०००

एकूण १,३४,५०० रुपये. यात पाइप आणि फिटिंगचा वाटा आहे शंभरातले नऊ रुपये. प्लंबरची मजुरी मिळवली तरी तो जेमतेम एक पंचमांश होतो. तोडणे, वॉटरप्रूफिंग आणि टाइल या तीन बाबी मिळून ६२,५०० रुपये होतात.

याच आकड्यांतून दुसरे गणित निघते. पाइप आणि फिटिंगमध्ये हलका माल वापरून तीस टक्के वाचवले, तर हातात ३,६०० रुपये राहतात. तो माल दोन वर्षांनी भिंतीत गळू लागला तर पुन्हा तोडणे, पुन्हा कोबा, पुन्हा टाइल आणि पुन्हा मजुरी, म्हणजे ७५ हजारांच्या वर. ३,६०० वाचवण्यासाठी ७५ हजारांची जोखीम घेणे कोणत्याही घराला परवडणारे नाही. उलट नळ, शॉवर, बेसिन या गोष्टी भिंतीबाहेर असतात. आज साधा नळ बसवला आणि चार वर्षांनी ऐपत वाढल्यावर चांगला आणला, तर एक टाइलही फुटत नाही. म्हणून भिंतीच्या आत जे जाणार ते उत्तम घ्यावे आणि भिंतीबाहेर जे राहणार ते खिशाप्रमाणे. दुकानात मोह मात्र नेमका उलटा पडतो, कारण चमकणारा मिक्सर काचेच्या कपाटात असतो आणि पाइप मागच्या गोदामात.

यात एक अपवाद ध्यानात ठेवायचा. कन्सील्ड डायव्हर्टरचा मुख्य भाग आणि भिंतीतली फ्लश टाकी दिसायला नळांच्या यादीत असतात, पण बसतात भिंतीत. त्यांना पाइपचाच न्याय लावावा, आणि त्यांचे सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, हे विकत घेण्याआधीच विचारावे.

भिंतीत काय जाते

जुन्या घरांतले जीआय पाइप बाहेरून ठीक दिसले तरी आतून गंजाचे थर साचून त्यांची पोकळी आकसते. व्यास कमी झाला की पाणी नुसते त्या प्रमाणात कमी होत नाही. तेवढ्याच दाबाला पाइपचा व्यास निम्मा झाला तर प्रवाह जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येतो. ‘टाकी भरलेली आहे पण नळाला धार नाही’ ही तक्रार अनेकदा इथली असते. अशा घरात नळ बदलून उपयोग होत नाही, पाइपच बदलावा लागतो.

आज घरांत बहुतेक ठिकाणी सीपीव्हीसी पाइप वापरतात. साध्या यूपीव्हीसीला गरम पाणी मानवत नाही; तो थंड पाण्यासाठीच ठेवावा. सीपीव्हीसी सुमारे ९३ अंश सेल्सिअसपर्यंतचे पाणी सोसतो, म्हणून गीझरची आणि सोलरची लाइन त्याची करतात. पण त्यातही जाडी पाहावी लागते. पाइपवर एसडीआर ११ किंवा एसडीआर १३.५ असे छापलेले असते. बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी यांचे ते गुणोत्तर आहे, म्हणून आकडा लहान तितका पाइप जाड. एसडीआर ११ चा पाइप २३ अंशांच्या पाण्याला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २८ किलोचा दाब सोसतो. ८२ अंशांना तीच ताकद ७ किलोंवर येते. गरम पाण्याच्या लाइनला जाड पाइप का लावायचा, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. कोटेशनमध्ये नुसते ‘सीपीव्हीसी’ लिहिलेले असेल तर एसडीआर किती, हे त्याच ओळीत लिहून घ्यावे.

सांडपाण्याच्या पाइपांनाही प्रकार आहेत. भारतीय मानकाप्रमाणे टाइप ए हा पावसाच्या पाण्यासाठी आणि हवा जाण्यासाठी, तर जाड भिंतीचा टाइप बी हा संडास आणि सांडपाण्यासाठी असतो. दोन्ही शेजारी ठेवले तर सहज फरक कळत नाही. किमतीत मात्र कळतो. पाइपवरचे आयएसआय चिन्ह आणि मानक क्रमांक पाहून घ्यावा. सीपीव्हीसीसाठी तो आयएस १५७७८ आहे, सांडपाण्याच्या पाइपसाठी आयएस १३५९२. पिण्याचे पाणी ज्यातून जाते त्या पीव्हीसी पाइपबाबत शिशाचाही प्रश्न असतो. पीव्हीसी पाइपांतील शिशाच्या वापरावर केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. पाइपवर शिसेविरहित असल्याची नोंद आहे का, तेही बघावे.

पाण्याच्या दाबाचा हिशेबही खरेदीआधीच करावा. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक किलो दाब मिळतो. गच्चीवरची टाकी शॉवरच्या वर तीनच मीटर असेल, तर वरच्या मजल्यावरच्या घराला एक तृतीयांश किलोही दाब लाभत नाही. पावसासारखा कोसळणारा मोठा शॉवर तिथे शोभेपुरता उरतो, आणि मग प्रेशर पंपाचा वेगळा खर्च मागे लागतो. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी येत असेल तर क्षार नळातल्या सिरॅमिक कार्ट्रिजमध्ये आणि गीझरच्या कॉइलवर बसतात. अशा वस्तीत सुटे भाग सहज मिळणारा साधा नळच दीर्घकाळ स्वस्त पडतो.

मजुरीचा हिशेब

टपकणाऱ्या नळाचा वॉशर वीस रुपयांना मिळतो आणि तो बदलायला प्लंबर तीनशे-चारशे रुपये मागतो. यात त्याचा येण्याजाण्याचा वेळ असतो, पान्यांची पिशवी असते, वॉशर आणायला हार्डवेअरच्या दुकानात मारलेली फेरी असते आणि त्या काळात हातचे गेलेले दुसरे काम असते. काम दहा मिनिटांचे, पण त्याचा अर्धा दिवस मोडतो. यावर उपाय आपल्याच हाती आहे. गळणारा अँगल कॉक, सैल झालेला कमोड, तुंबणारी मोरी, फ्लशचा अडकणारा फ्लोट अशी कामे वहीत लिहीत जावीत आणि एकाच फेरीत करून घ्यावीत. येण्याचे पैसे एकदाच पडतात.

मोठ्या कामाची मजुरी तीन पद्धतींनी ठरते : रोजावर, पॉइंटवर किंवा उक्ती. रोजावर दिले तर काम रेंगाळण्याची भीती. उक्ते दिले तर घाईची. पॉइंटची पद्धत मधली आणि मोजायला सोपी, पण पॉइंट म्हणजे काय यावर आधी एकमत हवे. काही जण गरम आणि थंड पाण्याचे दोन पॉइंट धरतात, काही मिळून एक. कोणी नहाणी ट्रॅप आणि बेसिनचा निचरा वेगळा मोजतो, कोणी मोजत नाही. भिंतीला झिरी काढणे पॉइंटच्या दरात आहे की वेगळे? झिरी बुजवणार कोण, प्लंबर की गवंडी? कमोड, गीझर आणि मिक्सर बसवण्याचे पैसे त्यातच आहेत का? हे प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारले तर बोलणी ठरतात. नंतर विचारले तर भांडण ठरते.

चांगल्या प्लंबरला दोन पैसे जास्त देणे हा खर्चाचा भाग समजू नये, तो विमा समजावा. हे कसब आहे आणि ते वर्षानुवर्षांच्या उमेदवारीतून येते. ओडिशातला केंद्रपाडा जिल्हा, विशेषतः पट्टामुंडाईचा परिसर, प्लंबरांसाठी देशभर ओळखला जातो. ब्रिटिश काळात तिथली माणसे कलकत्त्याला जाऊन हे काम शिकली, त्यांनी गावची पोरे हाताखाली घेतली आणि ती परंपरा पिढ्यांमागून पिढ्या चालू राहिली. पट्टामुंडाईत आता सरकारची प्लंबिंग शिकवणारी संस्थाही आहे. आपल्याकडच्या आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. सांडपाण्याच्या पाइपला मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटरचा ढाळ देणे ऐकायला सोपे वाटते. तोच ढाळ कोब्याच्या मर्यादित जाडीत, तीन वळणांतून, कमोडच्या मुख्य पाइपापर्यंत सांभाळणे हे जाणत्या हाताचे काम आहे. ढाळ चुकला तर पाइप कितीही महाग असो, मोरी तुंबणारच.

आणि महापालिकेकडून नव्या नळजोडणीचे काम असेल तर पालिकेचा परवाना असलेला प्लंबरच लागतो. तिथे ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात करून घेण्याचा मार्ग नसतो.

तोडण्याआधी शोध

सर्वांत मोठी बचत हातोडा उचलण्याआधी होते. ओल दिसली की टाइल फोडायची, ही घाई हजारोंना पडते. आधी पाणी कुठून येते ते शोधावे, आणि त्याला फारसे पैसे लागत नाहीत.

ओल चोवीस तास सारखीच आहे का, की अंघोळी झाल्यावर वाढते? सारखी असेल तर संशय दाबाखालच्या, म्हणजे नळाच्या पाइपवर. वापरानंतर वाढत असेल तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर, ट्रॅपच्या सांध्यावर किंवा टाइलच्या फटींवर. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची बघावी. बाथरूमचा त्यात दोषच नसेल. घराला स्वतंत्र मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा बघावा. आकडा पुढे सरकला तर नळाची लाइन गळते आहे. सरकला नाही तर मोरीच्या तोंडाला बोळा लावून जमिनीवर रंग मिसळलेले पाणी साठवावे. खालच्या छतावर तोच रंग उतरला तर दोष जमिनीत आहे.

जमिनीतला दोष म्हणजे लगेच कोबा फोडणे नव्हे. टाइलच्या सांध्यांतले जुने सिमेंट झिजून पाणी खाली मुरत असेल, तर सांधे खरवडून त्यांत इपॉक्सी ग्राउट भरल्याने अनेकदा गळती थांबते. दोनचार हजारांचा हा उपाय आधी करावा, काही आठवडे वाट पाहावी आणि मगच मोठ्या कामाचा विचार करावा. मात्र जीआय पाइप जागोजागी गंजलेले असतील तर ठिगळे लावत बसू नये. एक सांधा दुरुस्त केला की दाब पुढच्या कमकुवत जागेवर येतो, आणि दर वेळी चार टाइल फुटतात. अशा घरात एकदाच सगळी लाइन बदलणे हाच काटकसरीचा मार्ग आहे.

झाकण्याआधीच्या दोन परीक्षा

पाइप टाकून झाले आणि भिंत अजून उघडी आहे, हा सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा क्षण. या वेळी सापडलेला दोष शंभर रुपयांत सुटतो. टाइल लागल्यावर तोच हजारोंचा होतो.

पहिली परीक्षा दाबाची. सॉल्व्हंट वाळायला डब्यावर जितका वेळ सांगितला असेल तितका द्यावा. मग सगळी तोंडे बंद करून हातपंपाने लाइनमध्ये नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब भरतात आणि काटा स्थिर राहतो का ते बघतात. दुसरी परीक्षा पाण्याची. वॉटरप्रूफिंग झाल्यावर मोरीचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी साठवतात आणि किमान चोवीस तास, शक्यतो त्याहून अधिक, तसेच ठेवतात. खालच्या घरात जाऊन छत कोरडे आहे का, हे स्वतः पाहावे. या दोन्ही परीक्षा झाल्याशिवाय टाइलवाल्याला बोलावू नये. काम दोन-तीन दिवस लांबते म्हणून त्या टाळल्या जातात, आणि पुढची पंधरा वर्षे त्याची किंमत मोजावी लागते.

याच वेळी आणखी एक गोष्ट करावी, तिला पैसाही लागत नाही. उघड्या भिंतींचे फोटो काढावेत, भिंतीला मोजपट्टी लावून. पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे, हे त्यात दिसले पाहिजे. पुढे आरसा किंवा टॉवेलची दांडी लावताना ड्रिलने पाइप फुटण्याचे प्रकार त्याने टळतात.

पैसे कोणी द्यायचे

आपल्या घरातली गळती म्हणजे नेहमी आपलाच खर्च, असे नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन, पाण्याच्या टाक्या, पंप, गच्ची यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे आणि पावसामुळे होणारी गळतीही त्यात येते. घराच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने काढायची. म्हणून गळती नेमकी कुठली, हा शोध तांत्रिक असतो तसाच पैशाचाही असतो.

जुन्या इमारतींच्या बाहेरून जाणारे बिडाचे पाइप एकेका घराने आपापल्या मजल्यापुरते बदलणे हा सर्वांत महागडा प्रकार. दर वेळी नव्याने परांची बांधावी लागते, आणि जुन्या-नव्या पाइपांचा प्रत्येक सांधा गळतीची नवी जागा बनतो. वरपासून खालपर्यंत एक उभी ओळ एकाच वेळी बदलली, तर परांची एकदाच आणि खर्च सगळ्या घरांत वाटला जातो. सर्वसाधारण सभेत हा विषय लावून धरायला चिकाटी लागते, पण ती प्रत्येक घराचे पैसे वाचवते.

घर नवे असेल तर रेराचा आधार घ्यावा. २०१६ च्या या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. बाथरूमची गळती हा असाच दोष आहे. त्यामुळे नव्या घरात ओल दिसताच स्वतः प्लंबर बोलावण्याआधी तारखेसह लेखी तक्रार द्यावी, फोटो जोडावेत आणि पोच घ्यावी.

कोटेशन कसे वाचावे

तीन ठिकाणांहून दर मागवायचे, हा सल्ला सगळेच देतात. त्याचा उपयोग तिघांनाही एकच यादी दिली तरच होतो. एकाने राडारोडा धरला आहे, दुसऱ्याने नाही. एकाने वॉटरप्रूफिंग जमिनीचे धरले आहे, दुसऱ्याने भिंतीवर फूटभर चढवले आहे. एकाच्या दरात जीएसटी आहे, दुसऱ्याच्या नाही. असे तीन आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. अनेकदा सर्वांत कमी कोटेशन म्हणजे सर्वांत जास्त गोष्टी वगळलेले कोटेशन असते, आणि त्या गोष्टी काम अर्धे झाल्यावर एकेक करून ‘जादा काम’ म्हणून परत येतात. म्हणून यादी आपण करावी : तोडफोड, राडारोडा, पाइपचा प्रकार आणि एसडीआर, पॉइंटची संख्या, वॉटरप्रूफिंगचे चौरस फूट, टाइल आणणार कोण, बसवणार कोण, दोन्ही परीक्षा, आणि शेवटची साफसफाई.

दर वाजवी आहे का, हे ताडून पाहायला सरकारी दरसूची उपयोगी पडते. महाराष्ट्राचा सार्वजनिक बांधकाम विभाग अशी दरसूची प्रसिद्ध करतो. घरच्या छोट्या कामाला ते दर जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण तिथे मोठ्या कामांचा हिशेब असतो. पण प्रत्येक बाबीखाली त्या कामात काय काय आले पाहिजे, याचे जे वर्णन असते ते फार शिकवणारे आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आपल्या दरविश्लेषणात साहित्य आणि मजुरीच्या बेरजेवर कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च म्हणून १५ टक्के धरतो. आपल्याला सगळे काम एका माणसाच्या हाती सोपवायचे असेल, तर तो साधारण याच पट्टीने जास्त घेणार, आणि ते रास्त आहे. प्लंबर, गवंडी, टाइलवाला आणि इलेक्ट्रिशियन यांच्या वेळा जुळवण्याची, माल वेळेवर आणण्याची जबाबदारी त्या पैशांत तो घेतो. ती जबाबदारी आपण घेणार असलो तर तेवढे पैसे वाचतील, पण रोज साइटवर उभे राहावे लागेल.

पैसे टप्प्यांनी द्यावेत. सुरुवातीला माल आणण्यापुरते, दाबाची परीक्षा झाल्यावर काही, पाण्याची परीक्षा झाल्यावर काही, टाइल लागल्यावर काही. आणि शेवटचे दहा टक्के महिनाभर वापरून पाहिल्यावर. हे सारे आधी लिहून ठरवावे, आणि मग ठरलेल्या दिवशी न रखडवता द्यावे. वेळेवर पैसे देणाऱ्या घरी प्लंबर पुढच्या हाकेलाही धावून येतो. ठरलेल्या रकमेखेरीज आणखी दहा टक्के बाजूला ठेवावेत. जुनी भिंत उघडल्यावर आत काय निघेल हे कोणीच आधी सांगू शकत नाही, आणि पैसे संपले म्हणून अर्धवट झाकलेले काम सर्वांत महाग पडते.

थेंबाचे मोल

मोठ्या खर्चाची सुरुवात बहुधा छोट्या गळतीकडे केलेल्या दुर्लक्षातून होते. नळातून सेकंदाला एक थेंब पडतो आणि एक थेंब पाव मिलिलिटरचा आहे असे धरले, तर दिवसाला साडेएकवीस लिटर आणि वर्षाला जवळजवळ ७,९०० लिटर पाणी वाया जाते. लेखक आणि व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी २००७ साली मीरा रोडला ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केले ते याच थेंबांसाठी. रविवारी प्लंबरला बरोबर घेऊन ते सोसायट्यांत घरोघर जात आणि गळणारे नळ विनामूल्य दुरुस्त करून देत. एक वॉशर वेळेवर बदलला तर किती पाणी वाचते, हे त्यांनी करून दाखवले. त्याच वॉशरने भिंतीची ओल, पोपडे आणि शेजाऱ्यांशी होणारे वादही टळतात. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, घरातले सगळे अँगल कॉक उघडून-मिटून पाहणे, कनेक्शन पाइप तपासणे, सांध्यांतले ग्राउट बघणे आणि फ्लश टाकी नीट बंद होते का ते पाहणे, ही अर्ध्या दिवसाची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी.

आणि मोठे काम झालेच, तर एक फाइल करावी. त्यात उघड्या भिंतींचे फोटो, पाइपचा प्रकार आणि एसडीआर, वॉटरप्रूफिंगची तारीख, बिले आणि प्लंबरचा नंबर ठेवावा. दहा वर्षांनी पुन्हा ओल दिसली, तर जो कोणी त्या घरात राहत असेल त्याला संपूर्ण भिंत फोडावी लागणार नाही. फोटो बघून नेमकी एक टाइल काढावी लागेल.